ट्रकचे इंजिन नव्याने बांधताना : मूळ भाग की सुधारित भाग?

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणव्यवसाय थांबला. काही काळ तो सुरू झाला आणि ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्यानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबला. या दोन्ही वेळी डिचोली, सत्तरी, सांगे परिसरात घरांच्या अंगणांत आणि रस्त्यांच्या कडेला टिपर ट्रक ओळीने उभे राहिले. चाके फिरत नव्हती, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नव्हते. आता काम मिळू लागले की अशा ट्रकचा मालक प्रथम गॅरेज गाठतो. इंजिन खोलले जाते आणि मेकॅनिक विचारतो, ‘जसे होते तसेच बांधायचे, की यावेळी वरचे भाग टाकायचे?’ या प्रश्नाचे चुकीचे उत्तर वर्षभराची कमाई गिळू शकते. म्हणून त्याचा नीट विचार करणे आवश्यक ठरते.

आधी कारण, मग खरेदी

सुटे भाग ठरवण्यापूर्वी इंजिन कशाने खराब झाले हे समजणे ही पहिली पायरी आहे. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या इंजिनाचे दुखणे वेगळे असते आणि सतत धावलेल्या इंजिनाचे वेगळे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत उभ्या ट्रकच्या सिलिंडरच्या भिंतींवरील तेलाचा थर ओसरतो, तिथे गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा खाचांत चिकटून बसतात. डिझेलच्या टाकीत साचलेले पाणी पंप आणि नोझल खराब करते. याउलट खनिज वाहणाऱ्या ट्रकचा मोठा शत्रू म्हणजे लाल धूळ. एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी कुठे फाटलेली असेल, क्लिप सैल असेल, तर ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा आणि लाइनर घासून काढते.

अशा वेळी कितीही महागाचा पिस्टन बसवला तरी नळी तशीच राहिली, तर नव्या भागाचीही तीच गत होते. म्हणून बोअरचे वर-खाली व आडवे-उभे माप, क्रँकच्या जर्नलचे माप, हेडचा सपाटपणा आणि त्यातील तडे यांची तपासणी करून ती आकडेवारी कागदावर घ्यावी. ‘डोळ्यांनी पाहिले, ठीक आहे’ हे मोजमाप नव्हे.

ओव्हरसाइज म्हणजे सुधारणा नव्हे

बोअर वाढवून मोठा पिस्टन बसवला की ट्रक अधिक ओढतो, असा समज सर्रास आढळतो. तो आकड्यांत तपासता येतो. टाटाच्या ‘६९७’ या जुन्या इंजिनाच्या नावातच ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर दडलेले आहेत. १२८ मिलिमीटर स्ट्रोक धरला की त्याची क्षमता ५,६७५ घन सेंटिमीटर होते. बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवला, तर ही क्षमता जेमतेम १ टक्क्याने वाढते. चालकाला ती जाणवणारही नाही. ओव्हरसाइज ही झिजलेल्या पृष्ठभागाची दुरुस्ती आहे, ताकद वाढवण्याचा उपाय नव्हे. भिंत अकारण पातळ करण्यात तोटाच आहे, कारण पुढच्या दुरुस्तीसाठी त्यात जागा उरत नाही.

पैसे कुठे घालावेत

सर्वच सुधारणा निरर्थक आहेत, असे मात्र नाही. निर्मात्याने स्वतःच एखाद्या भागाची रचना बदलून नवा क्रमांक दिला असेल, तर तोच घ्यावा. जुन्या रचनेत आढळलेला दोष दूर करण्यासाठी असे बदल बहुधा केलेले असतात. बेअरिंग, रिंगा, हेड गॅस्केट आणि तेलाचे सील यांत काटकसर करू नये. ज्या बोल्टांना ठरावीक अंशात ताणून बसवण्याची पद्धत आहे, ते निर्मात्याने सांगितले असल्यास पुन्हा वापरू नयेत. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि झडपांचे गाइड हे तुलनेने स्वस्त भाग. ते जुनेच ठेवून इंजिन बंद केले आणि नंतर बिघडले, तर पुन्हा खोलण्याची मजुरी भागाच्या किमतीहून अधिक भरते.

सर्वाधिक दुर्लक्षित सुधारणा म्हणजे शीतकरण. ज्या इंजिनांत लाइनरच्या बाहेरच्या बाजूला थेट पाणी लागते, तिथे ज्वलनाच्या धक्क्याने लाइनर सूक्ष्म कंप पावतो. त्याच्या भिंतीलगत वाफेचे बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि प्रत्येक फुटण्यात धातूचा कण निघतो. कालांतराने छिद्र पडते आणि पाणी थेट तेलात उतरते. योग्य कूलंटमधील रसायने भिंतीवर संरक्षक थर धरतात, रेडिएटरमध्ये भरलेले विहिरीचे पाणी तसे करत नाही. म्हणून रेडिएटरची साफसफाई आणि निर्मात्याने सांगितलेले कूलंट ही खऱ्या अर्थाने ‘अपग्रेड’ आहे, जरी ती कुणाला दिसत नसली तरी.

तेलाचेही तसेच. बीएस ६ ट्रकच्या धूर गाळणाऱ्या यंत्रणेसाठी कमी राख सोडणारे तेलच लागते. जुने डबे स्वस्तात मिळाले म्हणून ते त्यात ओतल्यास महागडा फिल्टर तुंबतो.

जिथे हात आखडावा

मोठी नोझल, ‘खुला’ केलेला डिझेल पंप आणि मोठा टर्बो ही तीन प्रलोभने वारंवार समोर येतात. तिन्हींचा परिणाम उष्णतेवर होतो. हवेच्या प्रमाणात न बसणारे डिझेल आत गेले की काळा धूर निघतो आणि बाहेर जाणाऱ्या वायूंचे तापमान चढते. सपाट रस्त्यावर ते खपून जाते. चोर्ला किंवा अनमोड घाटात भरलेला ट्रक खालच्या गियरमध्ये दीर्घकाळ चढत असताना मात्र ॲल्युमिनियमच्या पिस्टनचा माथा, झडपा आणि टर्बो यांवर तो ताण येतो. शिवाय वाढलेली ताकद इंजिनातच थांबत नाही. ती क्लच, गियरबॉक्स, शाफ्ट आणि डिफरन्शियल यांतून चाकापर्यंत जाते. या साखळीतील जी कडी सर्वांत कमजोर, ती प्रथम तुटते.

कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांत अडचण अधिक आहे. अनेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरचा स्वतंत्र संकेतांक संगणकात नोंदवावा लागतो. ‘बसला की झाले’ हा जुना हिशेब तिथे चालत नाही.

कायद्याची मर्यादा

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल करण्यास मज्जाव करते. २०१९ मधील दुरुस्तीने अशा बदलांसाठी दंडाची तरतूदही केली. मूळ मापाचे भाग बदलणे ही दुरुस्ती आहे. पूर्ण ब्लॉक बदलल्यास मात्र इंजिन क्रमांक बदलतो आणि त्याची नोंद वाहतूक कार्यालयात करून घ्यावी लागते. फिटनेस तपासणीच्या वेळी किंवा अपघातानंतर विम्याचा दावा करताना जुळत नसलेला क्रमांक महागात पडू शकतो.

हिशेब कागदावर

सुधारित भागाची किंमत वसूल होते की नाही, हे साध्या गणिताने कळते. समजा, ट्रक वर्षाला ३०,००० किलोमीटर धावतो आणि लिटरला ४ किलोमीटर देतो. म्हणजे ७,५०० लिटर डिझेल लागते. एखाद्या बदलाने ३ टक्के बचत होईल असे कोणी सांगत असेल, तर ती २२५ लिटर होते. लिटरला ९० रुपये धरल्यास वर्षाला २०,२५० रुपये वाचतात. त्या बदलाला ४०,००० रुपये अधिक लागत असतील, तर ते वसूल व्हायला दोन वर्षे हवीत, तेही ट्रकला पूर्ण वर्षभर काम मिळाले तर. खाणपट्ट्यात हे ‘तर’ किती मोठे आहे, हे ट्रकमालकांनी दोनदा अनुभवले आहे.

म्हणून निर्णयाची कसोटी ताकद ही नसावी, टिकाऊपणा ही असावी. हा भाग इंजिन पुन्हा उघडण्याची वेळ लांबवतो का? बाजारात तो उद्या मिळेल का? इतर भागांशी त्याचे माप जुळते का? या तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला, तरच अधिक पैसे द्यावेत. काम सोपवताना बसवलेल्या भागांचे क्रमांक, मोजमापे आणि हमीच्या अटी बिलावर लिहून घ्याव्यात. जुने भागही परत मागावेत. बांधलेल्या इंजिनावर पहिल्या काही फेऱ्यांत पूर्ण भार टाकू नये आणि पहिले तेल निर्मात्याने सांगितलेल्या अंतरावर बदलावे. उभ्या ट्रकला पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या मालकाला एवढे पथ्य नक्कीच परवडते, दुसऱ्यांदा इंजिन खोलणे परवडत नाही.