चौदा दिवसांचं पाणी

राहायला जाण्याआधी घराची डागडुजी आणि सजावट करताना ज्या कामावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं, त्याची कोटेशनमध्ये एकही ओळ नसते. रंगाची असते, टाइल्सची असते, सिलिंगचा दर चौरस फुटावर लिहिलेला असतो, ओट्याचा ग्रॅनाइट कुठला हेही ठरलेलं असतं. गिलाव्यावर पाणी कोण मारणार, किती दिवस मारणार आणि ते पाणी कुठून येणार, हे मात्र कुणी लिहीत नाही. जालन्यात मस्तगडच्या आसपासच्या जुन्या वस्तीत उन्हाळ्यात अशी कामं चाललेली दिसतात. दारात वाळूचा ढीग, त्याच्याकडेला सिमेंटच्या गोण्या, उंबऱ्यावर टाकलेली फळी, आणि आत पाऊल टाकताच बाहेरच्या उन्हाला न जुमानणारा ओल्या गिलाव्याचा गार वास. त्या वासात एक बाई पाइप धरून, आणि नळाला पाणी नसेल तर डब्यानं, भिंतीवर पाणी मारत असते. मिस्त्रीची मजुरी वेगळी बोललेली असते. हिची ‘हेल्पर’मध्ये धरलेली असते. हे घर पुढं किती वर्षं धड राहणार, याचा निम्मा निकाल तिच्या हातात असतो, आणि तिला तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसऱ्या कामावर पाठवतात. ‘तीन दिवस पाणी मारलं, बास झालं’ हे वाक्य बांधकामावर इतक्या वेळा ऐकू येतं की तो नियमच वाटायला लागतो.

नियम वेगळा आहे. काँक्रीटच्या कामासाठीचं भारतीय मानक 456 सन 2000 मध्ये सुधारून आलं. त्यात साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, उष्ण आणि कोरड्या हवेत किमान 10 दिवस, आणि राख वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल तर 14 दिवसांपर्यंत ओल ठेवावी असं म्हटलं आहे. आज दुकानात मिळणारं बरंचसं सिमेंट राख मिसळलेलंच असतं, आणि जालन्याचा मे महिना उष्ण-कोरडा आहे हे वेगळं सांगायला नको. म्हणजे नवीन लिंटेल, छज्जा, वाढवलेला स्लॅब यांच्यासाठी इथला आकडा 14 दिवसांचा. गिलाव्याला एक आठवडा पुरतो असं मानतात; पण 12 ते 20 मिलिमीटरचा पातळ थर उन्हात आणि वाऱ्यात किती लवकर कोरडा पडतो हे पाहिलं की माझ्या मते उन्हाळ्यात त्यालाही 14 दिवसच धरावेत. गैरसमजाचं मूळ असं, की भिंत वाळली म्हणजे पक्की झाली असं आपण धरून चालतो. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, त्यातून ते घट्ट होतं, आणि ही क्रिया कित्येक आठवडे चालते. 50 किलोच्या गोणीत कालवताना साधारण 25 लिटर पाणी जातं. ते उन्हानं ओढून घेतलं की क्रिया जिथल्या तिथं थांबते. भिंत वरून कोरडी, राखाडी, कामाची दिसते. आत ती अर्धवट राहिलेली असते. नखानं ओरखडा काढला की पीठ पडतं, ते या अर्धवटपणाचं. बाई चौथ्या दिवशी निघून गेली म्हणजे नेमकं काय थांबलं, ते हे.

मग इतकी घाई उन्हाळ्यातच का होते? याला बेफिकिरी म्हणणं अन्याय होईल. जूनमध्ये शाळा सुरू होतात, त्याआधी सामान हलवलेलं बरं. मुलांना सुट्टी असते, गावाकडची माणसं मदतीला येऊ शकतात. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो आणि अनेक घरांत त्यात वास्तुशांत करत नाहीत, म्हणून त्याआधीचा मुहूर्त धरायचा असतो. पण याहून खोलवरचं एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मराठवाड्यातलं जुनं घर दगड-मातीचं आणि माळवदाचं होतं. तुळया, त्यावर कड्या-पाट, वर पाला आणि मग पांढऱ्या मातीचा जाड थर. हा थर दर वर्षी मृगाच्या आधी नीट करावा लागे. गवत उपटायचं, नवी माती पसरायची, चोपायची, पन्हाळी मोकळी करायची. मातीच्या कामाला उन्हाळाच हवा. ते वाळून घट्ट होतं, आणि वाळायला चैत्र-वैशाखासारखं ऊन नाही. पिढ्यान् पिढ्या घराची डागडुजी पावसाच्या तोंडावर झाली ती शहाणपणानंच. पुढं माती गेली, सिमेंट आलं. सामान बदललं, पण कामाचा महिना तोच राहिला. मातीला जे ऊन उपकारक होतं तेच सिमेंटला मारक आहे, ही गोष्ट मध्ये कुणी थांबून सांगितलीच नाही.

सामान बदलण्याचा वेग 30 सप्टेंबर 1993 नंतर वाढला. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, ती बहुतांशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचा भार अंगावर आल्यानं. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली झोपणं म्हणजे धोका, ही भीती घराघरांत बसली, आणि ती खोटी नव्हती. खरं तर त्या वेळच्या दुरुस्तीच्या शास्त्रात माळवदावरची माती कमी करणं, भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड घालणं, खांब-तुळईच्या जोडाला तिरके आधार देणं असे उपाय होते. घर न पाडता ते मजबूत करता येत होतं. पण लोकांच्या मनात एकच उपाय बसला: स्लॅब. पक्कं घर म्हणजे स्लॅबचं घर. मी स्लॅबच्या विरोधात नाही. ज्या मुलखानं किल्लारी पाहिली त्याला मातीच्या छताचे गोडवे गाऊन दाखवणं मला पटत नाही. पण तीन दिवस पाणी मिळालेला स्लॅब हा पक्क्या घराचा दिलासा देतो, पक्केपणा देत नाही. त्याचं काँक्रीट सच्छिद्र राहतं, त्यातून हवा आणि ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि खालचा थर पापुद्र्यानं सुटून पडतो. ज्या जालन्यात सळईचे कारखाने आहेत, जिथली सळई महाराष्ट्रभर जाते, तिथल्याच घरांत सळई अशी कुजावी याचं वाईट वाटतं.

जुन्या भिंतींवर नवा सिमेंटचा गिलावा चढवणं हा याच घाईचा दुसरा प्रकार. दगड-मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत पायातून ओल चढते आणि पृष्ठभागातून उडून जाते. चुन्याचा गिलावा तिला वाट देतो. सिमेंटचा कडक थर आणि वर प्लॅस्टिक इमल्शन लावलं की वाट बंद. ओल मागं साठते, तिच्यातले क्षार भिंतीत खडे धरतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा मातीसकट सुटतो. त्यात भर जालन्याच्या काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असला की भिंतीही तिच्याबरोबर हलतात. अशा घरात पैसे आधी कुठं जायला हवेत? गच्चीचा उतार, पन्हाळ, पायाशी साचणारं पाणी, न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग, आणि विजेच्या झिऱ्या मारताना भिंत आडवी कापली जाणार नाही याची काळजी. ही सगळी न दिसणारी कामं आहेत. दिसणारी कामं म्हणजे पीओपी, टेक्स्चर, खोलीतली एक गडद भिंत, कोनाड्यातले दिवे. पाहुणे वास्तुशांतीला येतात तेव्हा त्यांना हेच दिसतं, आणि म्हणून बजेट हेच खातं. सिलिंग मारलं की वरच्या स्लॅबचा डाग झाकला जातो. गळती थांबत नाही, फक्त ती कळायला एक वर्ष उशीर होतो. रंगाचंही तेच. नव्या गिलाव्यावर साधारण 28 दिवस रंग लावू नये, आतला दमटपणा आणि खार कमी होऊ द्यावा, असं रंगाच्या धंद्यातले जाणकारच सांगतात. 14 दिवस पाणी, त्यावर पुरेसं वाळणं, मग पुट्टी, प्रायमर, दोन हात. मुहूर्त आधी ठरलेला असेल तर ही बेरीज कुठंच बसत नाही, आणि सगळ्यात आधी कापले जातात ते पाण्याचे दिवस.

यावर सगळ्यात गंभीर आक्षेप पाण्याचाच आहे. जिथं प्यायला टँकर येतो तिथं भिंतींवर पाणी ओतायचं? हा प्रश्न जालन्यात उडवून लावता येत नाही. या शहराचा इतिहासच पाण्याच्या सोयीचा इतिहास आहे. मलिक अंबरच्या काळात जमशेदखानानं मोती तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या नळांनी गावात पाणी आणलं. निजाम आसफजाहच्या हुकुमानं काबिलखानानं 1725 मध्ये मस्तगड बांधला, तेव्हा आत दालनं आणि सज्जे असलेली मोठी विहीर केली. निजामी राजवटीतच घाणेवाडीचा तलाव झाला आणि तिथून उतारानं पाणी शहरात येऊ लागलं. 2012-13 च्या दुष्काळानं शहराला पार कोरडं पाडलं, आणि मग जायकवाडीवरून पाणी आणावं लागलं. अशा गावात मे महिन्यात भिंतीसाठी टँकर मागवणं मलाही योग्य वाटत नाही. पण त्याचं उत्तर पाणी तोडणं हे नाही, महिना बदलणं हे आहे. पावसाळा संपल्यावर विहिरी-बोअरला पाणी असतं, हवा थंड असते, भिंत दिवसात एक-दोनदा भिजवली तरी ओली राहते. शिवाय तरट लटकवून ते ओलं ठेवलं किंवा वरून प्लॅस्टिकचा कागद लावला तर पाणी बरंच कमी लागतं. उघड्या भिंतीवर पाइपनं फवारा मारून निघून जाणं हा पाण्याचा सगळ्यात उधळा वापर आहे. बहुतेक पाणी खाली वाहून जातं.

दुसरा आक्षेप मजुरांचा, आणि तोही खरा. दिवाळीच्या आसपास जिल्ह्यातली कुटुंबं ऊसतोडीला निघून जातात, कापसाची वेचणी सुरू असते, हेल्पर मिळत नाहीत आणि मिळाले तर जास्त मजुरी मागतात. उन्हाळ्यात शेतं रिकामी असतात, माणसं कामाला येतात. म्हणजे हिवाळ्यात काम काढणाऱ्याला मजुरी थोडी जड जाणार, हे कबूल करावं लागेल. माझं म्हणणं, ती द्यावी. निकामी झालेला गिलावा खरवडायचा, राडारोडा उचलायचा, नवा करायचा, पुन्हा पुट्टी आणि पुन्हा रंग, तोही घरात सामान आणि माणसं असताना, यापुढं तो फरक काहीच नाही. घरभाडं आणि कर्जाचा हप्ता एकदम भरणाऱ्यांची ओढाताण मात्र मला जास्त अवघड वाटते. त्यांना सगळं काम लांबवा असं सांगता येत नाही. त्यांनी निदान क्रम बदलावा. गच्ची, न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि गिलावा पूर्ण आणि व्यवस्थित करावा. सिलिंग, कपाटं, महागडा रंग हे राहायला गेल्यावर, एक पावसाळा पाहून करावं. पांढरा डिस्टेंपर मारलेल्या खोलीत वर्षभर राहिल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. उलट ओल कुठून येते ते स्वच्छ दिसतं.

मुहूर्ताचा आक्षेप मला सगळ्यात सोपा वाटतो, कारण त्याची सोय परंपरेतच आहे. विजयादशमी आणि गुढीपाडवा हे दोन्ही साडेतीन मुहूर्तांपैकी. दसऱ्याला काम काढलं तर पाऊस नुकताच संपलेला असतो, छत कुठं गळतं आणि भिंत कुठं ओलावते याचे डाग ताजे असतात, मिस्त्रीला दाखवता येतात. उन्हाळ्यात तेच डाग वाळून दिसेनासे झालेले असतात. दसरा ते पाडवा हा साधारण साडेपाच महिन्यांचा काळ. त्यात 14 दिवस, 28 दिवस आणि मिस्त्रीच्या घरची लग्नंसुद्धा बसतात. हवं तर अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबता येतं. शाळाही जूनमध्येच सुरू होते, काही चुकत नाही.

कंत्राटदार आणखी एक गोष्ट सांगतात: आताचं सिमेंट लवकर सेट होतं, केमिकल येतात, एवढ्या पाण्याची गरज राहिली नाही. सेट होणं काही तासांत होतं हे खरं, पण ती फक्त सुरुवात. ताकद पुढच्या आठवड्यांत येते, आणि राख मिसळलेल्या सिमेंटला ती यायला जास्त वेळ लागतो. ओल धरून ठेवणारे लेप मिळतात आणि स्लॅबला ते उपयोगी पडतात. पण पुट्टी-रंग चढवायच्या भिंतीवर तसा लेप लावला तर वरचा थर नीट धरत नाही, तो आधी काढावा लागतो. म्हणून शेवटी गोष्ट पुन्हा त्या बाईपाशी आणि तिच्या हातातल्या डब्यापाशी येते. तिचं काम ‘हेल्पर’मधून बाहेर काढून कोटेशनमध्ये स्वतंत्र लिहावं: पाणी मारणे, 14 दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, मजुरी इतकी, पाण्याची सोय कुणाची. तारखांचा तक्ता भिंतीलाच खडूनं लिहून ठेवावा, म्हणजे कुठली भिंत कधी झाली हे मालकाला आणि मिस्त्रीला दोघांनाही दिसेल. आणि गच्ची-न्हाणीच्या कामाच्या रकमेतला काही भाग पहिल्या पावसानंतर देण्याचं आधीच बोलून घ्यावं. कंत्राटदार दर वाढवून सांगेल. वाढवू द्यावा, फक्त त्यातली त्या बाईची मजुरी तिच्या हातात पोचते की नाही, हे घरमालकानं स्वतः विचारून घ्यावं.