जिन्याची रुंदी आणि कुलपाची किल्ली

कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ही शाहूकालीन वास्तू ८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री आगीत भस्मसात झाली. प्रयोग चालू नसल्याने जीवितहानी टळली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी मात्र ५९ जण मृत्युमुखी पडले. तेथे जादा खुर्च्यांसाठी सज्जातील एक वाटच बंद केलेली होती.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) शैक्षणिक इमारतीचा जिना किमान १.५ मीटर रुंद हवा. हे माप बांधकामाच्या वेळीच ठरते. खरी अडचण दुसऱ्या अटीची आहे: बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे. अनेक महाविद्यालयांत मागील जिन्याला लोखंडी सरकते दार असते व त्याला कुलूप. चोरी व परीक्षेतील गैरप्रकार ही त्याची कारणे, आणि ती अगदीच खोटी नाहीत. तथापि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या मजल्यास संहितेने किमान दोन जिने आवश्यक मानले आहेत. कुलूप लागताच त्यांपैकी एकच उरतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये ही जबाबदारी मालक वा भोगवटादाराची आहे, म्हणजे आपल्या बाबतीत संस्थेची. किल्ली बाळगणाऱ्या शिपायाची नव्हे.