पाण्यातला दिवा

"वहिनी, आज पोरांना पाण्यात सोडू नका. पूलमधला दिवा बदलवायचा आहे." नणंदेने असं सांगितलं आणि माझ्या लेकीचं तोंड एवढंसं झालं. आम्ही पोंभुर्ण्याची माणसं. आमच्या मुलांना अंधारी नदी माहीत. मे महिन्यात नागपूरजवळ आत्याच्या घरी गेलं की तिथल्या अंगणातला निळाशार पूल म्हणजे त्यांना स्वर्गच!

झालं होतं असं, की आदल्या संध्याकाळी पूलची स्टीलची शिडी धरताच भाच्याच्या हाताला झिणझिण्या आल्या. "भास झाला असेल," म्हणून घरातल्यांनी विषय सोडून दिला. नणंदेने मात्र आधी मेन स्विच बंद केला, मग वायरमनला फोन केला.

मला वाटलं, आता सगळा पूल उपसावा लागणार. पण तसं नव्हतं. भिंतीतल्या खोबणीत दिव्यामागे लांब वायर गुंडाळून ठेवलेली असते. एक स्क्रू काढला, की दिवा काठावर घेता येतो. पाहिलं तर काचेच्या आत पाणी! रबराची रिंग वाळून तडकली होती. "नुसता बल्ब बदलून चालेल का?" मी विचारलं. "नाही काकू, आत पाणी गेलं की पूर्ण दिवाच बदलायचा. आणि पाण्याखाली वायरला जोड द्यायचा नाही," वायरमन म्हणाला.

जुना दिवा थेट २३० व्होल्टचा होता. त्याच्या जागी १२ व्होल्टचा एलईडी बसवला. त्याचा ट्रान्सफॉर्मर पूलपासून दूर, पंपाच्या खोलीत. खरा धक्का पुढेच होता. गळती होताच वीज तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, सारखा पडतो म्हणून कोणीतरी काढूनच टाकला होता! तो बिचारा धोका सांगत होता आणि आपण त्याचंच तोंड बंद केलं. पाण्यात करंट लागला तर हातपाय आखडतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो.

मैत्रिणींनो, अमेरिकेत अशा स्विचची सक्ती १९६८ मध्ये पहिल्यांदा झाली ती पूलमधल्या दिव्यांसाठीच. बाथरूमची पाळी १९७५ मध्ये आली.

घरी परतल्यावर बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं, तर एक बाई हसल्या. "ताई, आमच्याकडं कुठचा आला पूल?"

"पूल नाही, पण कूलर तर आहे ना?"

सगळ्या गप्प झाल्या. चंद्रपूर जिल्ह्यातला उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. पाणी, लोखंडी पत्रा आणि वीज एकाच ठिकाणी, त्यात ओल्या फरशीवर अनवाणी आपण! कूलर चालू ठेवूनच बादलीने पाणी ओततो. आधी प्लग काढायचा, मग पाणी भरायचं, एवढं तरी करू या. प्लग तीन पिनांचा हवा, घराला अर्थिंग हवं. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो वायरी जळू नयेत म्हणून असतो. माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. एका बऱ्या साडीच्या किमतीत तो येतो. त्यावरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. वीज गेली, म्हणजे स्विच जागा आहे.

आणि मूल म्हणालं, "आई, झिणझिण्या आल्या," तर त्याला भास म्हणू नका. आधी मेन स्विच बंद करा.