कडुनिंबावरची गुळवेल

कोरोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीच्या कांड्या घरोघर उकळल्या गेल्या. कुणी भाजीवाल्याकडून आणल्या, कुणी कुंपणावरच्या कापल्या. ‘झाडपाल्याचं औषध, फायदा झाला नाही तरी अपाय होत नाही’ या भरवशावर माणसं महिनोन्‌महिने काढा पीत राहिली. हाच यातला सगळ्यात घातक गैरसमज. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. पुढे 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांमधल्या 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या अनेकांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याच्या आजाराची चिन्हं दिसली. आधीच उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आणखी चेतवून कसं चालेल?

आयुष मंत्रालयाने मात्र गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत करू नका, असं बजावलं. त्या वेलीच्या खोडावर गाठीच गाठी असतात, आणि तिच्या नरफुलाला तीन पाकळ्या असतात, गुळवेलीच्या नरफुलाला सहा. म्हणून ओळख पक्की हवीच. पण वेल अस्सल असली म्हणजे ती प्रत्येकाला मानवेल, असं मला वाटत नाही.

‘कडुनिंबावर वाढते म्हणजे त्याचा रस शोषते’ हेही खरं नाही. परक्या झाडाचा रस शोषते ती पिवळ्या दोऱ्यांची अमरवेल. गुळवेलीला स्वतःची हृदयाकृती हिरवी पानं आहेत, मुळं जमिनीत आहेत; झाडाचा तिला फक्त आधार लागतो. खोडावरची कागदासारखी साल नखाने खरवडून पाहा, खाली हिरवागार थर दिसतो. आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते, म्हणून संस्कृतात ती चक्रलक्षणा. वेल मधेच तोडली तर वरचा तुकडा दोऱ्यासारखी मुळं खाली सोडतो आणि जमीन गाठतो, म्हणून छिन्नरुहा. नावात गूळ असला तरी चव कडूजहर. बाजारातलं पांढरं गुळवेल सत्त्व म्हणजे मुख्यतः खोडातला स्टार्च. काढा आणि सत्त्व एकच समजू नका.

यकृताचा किंवा प्रतिकारशक्ती उलटण्याचा आजार असलेल्यांनी, अवयवरोपण झालेल्यांनी आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. तिने साखर उतरू शकते. घेत असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस, काय घेतलं ते सांगा. उरलेली कांडीही सोबत न्या.