घरात येणाऱ्या मावशींची जबाबदारी नेमकी कोणाची?

घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा करता येईल का, हे तपासण्यासाठी समिती नेमावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारला दिला. त्याची चर्चा मुख्यतः धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांपुरती राहिली. परंतु परक्या घरात काम करणाऱ्या व्यक्तीचा मालक कोण, हा त्यामागचा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने उभा राहतो तो 'ब्युरो'मार्फत वृद्धांच्या शुश्रूषेसाठी ठेवल्या जाणाऱ्या मावशी, आया आणि ब्रदर यांच्याबाबतीत.

सोसायटीच्या फाटकावर रखवालदार पुरवणाऱ्या संस्थेला खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो आणि रखवालदारांना ठरलेले प्रशिक्षण द्यावे लागते. त्याच इमारतीत अर्धांगवायू झालेल्या वृद्धेला आंघोळ घालण्यासाठी माणूस पाठवणाऱ्या संस्थेला मात्र त्या कामासाठी असा कोणताही स्वतंत्र परवाना लागत नाही, आणि दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीचा कागद शुश्रूषेच्या दर्जाविषयी काहीही सांगत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकात घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान निकष यांची तरतूद होती. सतराव्या लोकसभेची मुदत संपताच ते विधेयक व्यपगत झाले. ही उणीव गंभीर आहे, कारण तिच्यामुळे संस्थेची पारख करण्याचे सारे ओझे कुटुंबावर येते, आणि तेही बहुधा रुग्णालयातून घरी सोडण्याच्या धांदलीत.

या घाईत कुटुंबे संस्थेचा शोध आधी घेतात आणि गरजेचे मोजमाप नंतर करतात. हा क्रम उलटा व्हायला हवा, आणि त्यासाठी अमेरिकन वैद्य सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेले मापन आजही अत्यंत उपयुक्त आहे. क्लीव्हलंडच्या रुग्णालयात मांडीचे हाड खुब्याजवळ मोडलेल्या वृद्धांचे निरीक्षण करताना आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, पलंगावरून खुर्चीत जाणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणे या सहा क्रिया त्यांनी निवडल्या. माणूस प्रत्येक क्रिया कोणाच्याही मदतीविना करू शकतो की नाही, एवढेच त्यात नोंदवायचे असते. बरे होत जाणाऱ्या रुग्णांना जेवणे आणि मलमूत्रावरील नियंत्रण प्रथम, उठणे-बसणे व शौचालयाचा वापर त्यानंतर, तर कपडे व आंघोळ सर्वांत शेवटी साधते, आणि हा क्रम लहान मुलाच्या वाढीच्या क्रमाशी जुळतो, हे त्यांचे निरीक्षण विलक्षण होते. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्यांना केवळ आंघोळीला आधार लागतो, त्यांच्यासाठी सकाळचे दोन-तीन तास पुरू शकतात. परंतु स्वतः उठता न येणाऱ्या आणि रात्रीतून अनेकदा कूस बदलून द्यावी लागणाऱ्या रुग्णासाठी 'चोवीस तासांची' एकच बाई ठेवणे हे रुग्ण आणि बाई या दोघांवरही अन्याय करणारे आहे, कारण सलग झोप न मिळालेल्या माणसाकडून सावध शुश्रूषा होऊच शकत नाही. तेथे बारा तासांच्या दोन पाळ्या लागतात.

गरज ठरली की कौशल्याचा प्रश्न येतो. जखमेची मलमपट्टी, इंजेक्शन, मूत्रनलिका बदलणे ही प्रशिक्षित परिचारिकेची कामे असून तिची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. मदतनिसाकडे असे प्रमाणपत्र नसेल, पण त्याची पारख कृतीतून होते. नाकातून जठरापर्यंत घातलेल्या नळीवाटे, म्हणजे राइल्स ट्यूबमधून, अन्न देताना रुग्णाचे डोके व पाठ उंच ठेवली जाते का, अन्न दिल्यावर लगेच आडवे करण्याचे टाळले जाते का, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहते का, शय्याव्रण म्हणजे सततच्या दाबामुळे त्वचेला पडणारी जखम टाळण्यासाठी कूस बदलल्याची वेळ लिहून ठेवली जाते का, हे पहिल्या दिवशीच पाहता येते.

दरपत्रकापेक्षा अधिक बोलका ठरणारा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही: कुटुंब देते त्या पैशांतून मावशींच्या हाती किती पडतात? काही ब्युरो केवळ माणूस गाठून देतात, कमिशन व डिपॉझिट घेतात आणि बाजूला होतात; काही संस्था माणसाला स्वतः पगार देतात, पर्यवेक्षक पाठवतात आणि रजेच्या दिवशी बदली माणूस देतात. पहिल्या प्रकारात मालकाची जबाबदारी नकळत कुटुंबाकडे सरकते. जी संस्था पगाराचा आकडा सांगण्याचे टाळते, तिच्याकडे माणसे टिकणे कठीण, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धासाठी दर पंधरवड्याला बदलणारा चेहरा हाच मोठा त्रास असतो.

सत्तरीपुढील सर्वांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून खुले झालेले आयुष्मान भारतचे ५ लाखांचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरच्या मदतनिसाचा पगार त्यात बसत नाही. त्यामुळे खर्च कमी करण्याचा मोह समजण्याजोगा असला, तरी साप्ताहिक सुट्टी, झोपण्याची स्वतंत्र जागा आणि जेवण या गोष्टी करारातच लिहून घ्याव्यात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार घरकामगारासाठी राहते घरही कामाचे ठिकाण ठरते आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही माहिती मदतनिसाला पहिल्याच दिवशी देणारी संस्था निवडीत वरच्या क्रमांकावर ठेवावी.