मोडशी, मधुमेह आणि आजींची गोळी

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आजींना घेऊन आम्ही एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो. दारावरची पाटी कन्नडमध्ये. आजींनी विचारले, "मास्तर, काय लिवलंय ओ?" आम्ही वाचून दाखविले, 'क्षयरोग विभाग'. आजी म्हणाल्या, "हे तर आपलंच की!"

खरेच होते. क्षय म्हणजे झिजणे. संस्कृतातला हा शब्द मराठीत आला तसा कन्नडातही गेला. अडले होते ते लिपीपाशी. आम्ही समितीचे कार्यकर्ते असलो तरी हे कबूल केले पाहिजे. 'ट्यूबरक्युलोसिस' या नावात मात्र झिजणे नाही, गाठ आहे. ट्यूबरकल म्हणजे लहानशी गाठ.

दहावीपर्यंत मराठीत शिकलेली आमची मुले पदवीपूर्व विज्ञान शाखेला गेली की असले शब्द मंत्रासारखे घोकतात. त्यांना वाटते, इंग्रजी नाव तेवढे शास्त्रीय. मग आम्ही त्यांना मधुमेहाची गोष्ट सांगतो. 'डायबिटीस' हा ग्रीक शब्द, अर्थ आरपार वाहून जाणे. त्यापुढचे 'मेलायटस' हे लॅटिन, म्हणजे मधासारखे गोड. आणि आमचा मधुमेह? त्यातही मधच! लघवीला मुंग्या लागतात हे चरकसंहितेने नोंदवून ठेवले आहे.

उलट 'मलेरिया' म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा. हवेचा त्यात काही दोष नव्हता. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले, तेही हैदराबादजवळच्या सिकंदराबादेत. आमचा हिवताप कारण सांगत नाही, हुडहुडी तेवढी सांगतो. पण चूक तरी सांगत नाही. 'ऑक्सिजन'चेही तसेच. प्रत्येक आम्लात हा वायू असतो अशा समजुतीने लाव्हाझिएने त्याला 'आम्लजनक' असे नाव दिले. समजूत खोटी ठरली, नाव राहिले. मुलांना प्राणवायू एकदा सांगून पुरतो.

पण आमच्या मनात खरी घर करून राहिलेली गोष्ट मोडशीची. पोट बिघडले की जुनी माणसे 'मोडशी झाली' म्हणत. मोडणे या क्रियापदाशी त्याचे नाते लावतात. एके काळी गोव्यात आणि कोकणात पटकीलाही हेच नाव होते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात पटकीचे वर्णन करताना त्याने इथल्या लोकांचा शब्द 'मोर्शी' असा टिपून ठेवला. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे 'मोर्देशी' झाले. पुढे फ्रेंचांनी तो ऐकला आणि आपल्या भाषेत त्याचा अर्थ लावला, 'मोर द शियँ', म्हणजे कुत्र्याचे मरण! पटकीच्या रोग्याचे हाल पाहता कोणाला संशयही आला नसेल. आमच्या कोकणी-मराठी घरांतला शब्द असा युरोपच्या पुस्तकांत जाऊन बसला, आणि आज आमच्याच वर्गात तो एकाही मुलाला ठाऊक नसतो. असो.

आता आजींकडे येऊ. गोळ्यांबरोबर मिळालेल्या कागदावर कन्नड आणि इंग्रजीत सूचना होत्या. आम्ही घाईत तो वाचून दिला नाही, हा आमचा अपराध. आठ दिवसांनी कळले की उपाशी पोटी घ्यायची गोळी आजी पोटभर जेवून घेत होत्या. 'क्षयरोग' ऐकताच समजला, कारण शब्द तिन्ही घरचा. 'उपाशी पोटी' हे मात्र त्यांना मराठीतूनच सांगायला हवे होते.

ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे केंद्राच्या सुरक्षा-योजनेत मान्य झालेले तत्त्व आहे. कन्नड पुसा असे आमचे म्हणणे नाही. पाटीवर असेल तो शब्द राहू द्या. औषधाच्या कागदावर तिसरी ओळ घाला. तसे निवेदन आम्ही लिहायला घेतले आहे, आणि त्यात 'अनशनावस्थेत' असला शब्द येणार नाही याची काळजी घेतली आहे. एका सहकाऱ्याने तो सुचविला होता.

आजींच्या गोळ्यांच्या डबीवर आम्ही मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटविली आहे. गोळी आता सकाळी, चहाच्या तासभर आधी होते.