काठीची सावली आणि दुसरे उत्तर

"मामा, आता गणितच सोडते!" असे म्हणून भाचीने वही माझ्यापुढे टाकली. साइन थीटा बरोबर एक-द्वितीयांश. शून्य ते १८० अंशांतील कोन काढा. तिने ३० लिहिले होते, १५० राहिले. अर्धे गुण गेले, आणि धीरही.

मी गप्प बसलो. शाळेत माझीही हीच चूक झाली होती, आणि मी खरोखरच गणित सोडले होते.

दुसऱ्या दिवशी, १९ मे रोजी, जालन्याच्या रणरणत्या उन्हात मी तिला गच्चीवर नेले आणि एक काठी सरळ उभी धरली. साडेबाराच्या थोडे आधी सावली काठीच्या बुडाशी गडप झाली! सूर्य बरोबर डोक्यावर आला होता.

हा दिवस गणिताने काढता येतो. विषुववृत्तापासून सूर्य जितका उत्तरेला सरकतो, ती त्याची क्रांती. ती जालन्याच्या अक्षांशाइतकी, सुमारे १९.८४ अंश झाली, की सावली नाहीशी. सूत्र असे: क्रांतीचा साइन म्हणजे २३.४४ अंशांचा साइन गुणिले वसंतसंपातापासून सूर्याने तोडलेल्या कोनाचा साइन. ०.३३९४ ला ०.३९७८ ने भागले की ०.८५३ येतात, कोन झाला साडेअठ्ठावन्न अंश. सूर्य रोज सुमारे एक अंश चालतो. २१ मार्चच्या सुमारास निघालेला तो १९-२० मेला तेथे पोचतो.

हीच रीत भास्कराचार्यांना ठाऊक होती. 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० सालचा. साइनला ते 'ज्या' म्हणत. आजचा 'साइन' हा शब्द त्याच 'ज्या'चा अरबी, लॅटिन असा प्रवास करून परत आलेला वंशज! चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख सांगतो, की नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला.

"पण १८० मधून साडेअठ्ठावन्न वजा केले तर?" मी विचारले.

"साडे एकशे एकवीस. त्याचाही साइन तोच!" ती थबकली. "म्हणजे सूर्य पुन्हा डोक्यावर?"

होय! कर्कवृत्तापर्यंत जाऊन सूर्य त्याच वाटेने परततो. ते दुसरे उत्तर म्हणजे २४ जुलै.

त्या दिवशी आम्ही पुन्हा गच्चीवर गेलो. आभाळ गच्च भरले होते; सावलीच काय, सूर्यही दिसेना. मी हिरमुसलो. भाची मात्र हसून म्हणाली, "मामा, दिसत नसले तरी उत्तर तिथेच आहे!"

खाली येऊन तिने वही उघडली आणि तांबड्या रेघेशेजारी १५० लिहिले.